टाकीचं झाकण आणि डावा कौल

बाबा,

परवा मी तुमच्या बोटीवर चढले. मी, म्हणजे तुमची थोरली, जिला तुम्ही त्याच बोटीवरून खाली उतरवलंत आणि पुन्हा पाय ठेवू दिला नाहीत. चढले, इंजिन का बंद पडतं ते शोधलं, दुरुस्त केलं आणि शिरोड्याला घरी परत आले. तेव्हापासून डोकं असं तापलंय की भाकरी थापताना परातीवर हात आपटतोय आणि नवरा अंथरुणावरून पाणी मागायलाही कचरतोय. तुम्ही जिवंत असता तर तोंडावर बोलले असते, असं लिहायला घेतलं होतं. पण ते खरं नाही. तुम्ही समोर असता तर मी नेहमीसारखी जमिनीकडे बघत ‘होय बाबा’ म्हटलं असतं आणि मागच्या दारी जाऊन भांडी आदळली असती. तुमच्यासमोर बोलायची आपल्या घरात कुणाची छाती होती? तुम्ही गेल्याला इतके पावसाळे झाले म्हणून आज लिहायचा तरी धीर होतोय. तेव्हा आता ऐका. विषय नको असला की जेवणावरून उठून जायची तुमची सवय होती, तसं या वेळी करू नका.

मी पंधरा वर्षांची होते. आपला खलाशी गोव्याच्या ट्रॉलरवर गेला तो परत आलाच नाही. तुमच्या उजव्या हाताचा अंगठा त्याच्या आदल्या वर्षी दोरात सापडून कामातून गेला होता. भाऊ लहान, दुसरीत की तिसरीत. नारळी पुनव तोंडावर आलेली आणि बोटीवर तुमच्या जोडीला माणूस नाही. तुम्ही चुलीपाशी बसून चहा पीत होता आणि आईला म्हणालात, “चेडवाक घेऊन जातंय. काय झाला? हात तरी धड आसत तिका.” आईने नाक मुरडलं. बायका काय बोटीवर जातात होय, लोक काय म्हणतील, तिचं सुरू झालं. मी दाराआड उभी होते. तुम्ही आईचं ऐकलं नाही, याचा मला झालेला आनंद अजून आठवतो. आपल्या वाडीत कुणाच्या बापाने मुलीला बोटीवर नेलं होतं? तुम्ही नेलंत. आणि म्हणूनच पुढचं सगळं मला जास्त लागलं. मुळात नेलंच नसतंत तर मीही वाडीतल्या बाकीच्या मुलींसारखी किनाऱ्यावरच सुखात राहिले असते.

बोटीवर माझं काम काय, ते तुम्हीच पहिल्या दिवशी दाखवलंत. कॅनमधून टाकीत डिझेल ओतायचं, नरसाळ्यावर आईच्या जुन्या लुगड्याचं फडकं धरून गाळायचं, मग काठी बुडवून किती भरलं ते बघायचं आणि झाकण लावायचं. “झाकण घट आवळ गो बाय,” तुम्ही म्हणालात. “खाऱ्या पाण्याचो थेंब आत गेलो तर इंजिन गेला म्हणान समज.” मी फडकं गुंडाळून दोन्ही हातांनी झाकण आवळायचे, दात खाऊन, आता याच्यापुढे फिरणार नाही म्हणेपर्यंत. तुम्ही स्वतः लावायचात तेव्हा अंगठ्यामुळे पकड बसत नसे, झाकण नुसतं टेकल्यासारखं व्हायचं. मला वाटायचं, बघा, बाबांना जमत नाही ते मला जमतं. पंधराव्या वर्षी माणसाला असल्या गोष्टींचा केवढा अभिमान असतो. पहाटे किनाऱ्यावरून बोट ढकलताना पाणी मांड्यांपर्यंत गार लागायचं, मग तुम्ही हँडल मारायचात, इंजिन धरायचं आणि पायाखालच्या फळ्या थरथरू लागायच्या. मला जगात दुसरं काही नको होतं, बाबा. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायची पद्धत नव्हती आपल्याकडे.

आणि मग इंजिन बंद पडायला लागलं. पहिल्यांदा किल्ला मागे टाकून आपण उघड्या पाण्यात आलो होतो. आवाज खाली खाली गेला, दोनदा उचकी दिल्यासारखा झाला आणि गप्प. तुम्ही आधी ऑइल बघितलंत, पाणी बघितलंत. मग टाकीचं झाकण उघडून काठी बुडवलीत. डिझेल भरपूर. झाकण परत टेकवलंत, हात धुतलेत, गावच्या देवळाच्या दिशेला तोंड केलंत आणि गाऱ्हाणं घातलंत. “बा देवा म्हाराजा, ह्या लेकराचा काय चुकला माकला असात तर पोटात घाल, आणि ही बोट सुखान घराक लाव रे म्हाराजा.” मी मागून “होय म्हाराजा” म्हटलं. मग तुम्ही हाताच्या पंपाने हवा काढलीत, हँडल मारलंत आणि इंजिन सुरू झालं. घरापर्यंत एकदाही अडलं नाही. संध्याकाळी तुम्ही देवळात नारळ ठेवलात. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा डिझेल भरलं, झाकण पुन्हा दात खाऊन आवळलं, आणि इंजिन पुन्हा पडलं. पुन्हा काठी, पुन्हा गाऱ्हाणं, पुन्हा सुरू.

आता हे लिहिताना हसू येतं आणि त्या हसण्याचाही राग येतो. झाकण उघडत होता म्हणून इंजिन सुरू होत होतं, बाबा. मान मिळत होता गाऱ्हाण्याला. त्यात महिन्याचे चार दिवस मी बोटीला शिवायची नाही, तेव्हा तुम्ही शेजारच्या काकांना सोबत न्यायचात. त्यांना डिझेलला हात लावू द्यायचा नाहीत, स्वतःच भरायचात, स्वतःच त्या मोडक्या अंगठ्याने झाकण टेकवायचात. त्या दिवसांत इंजिन कुरकुरसुद्धा करायचं नाही. आल्यावर तुम्ही आईला सांगायचात, आज कसं सुरळीत चाललं. दोन महिन्यांत ते तुमच्या मनात पक्कं बसलं. मी असले की बंद पडतं, मी नसले की चालतं. हिशेब बरोबरच होता. फक्त माझे हात सोडून तुम्ही माझ्या पायांना दोष दिलात.

घट बसले त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही देवळात गेलात. कौल लावायला. गुरवाने देवीच्या पाषाणावर कळ्या लावल्या आणि तुम्ही विचारलंत, चेडवाचा पाय बोटीला लाभतो का? उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. डावी पडली. हे मला नंतर गुरवाच्या सुनेकडून कळलं, विहिरीवर, दहा बायकांसमोर. तुम्ही घरी येऊन एवढंच बोललात. मी चुलीवरचं पेजेचं भांडं उतरवत होते. “फाल्यापासून तू येव नको. तुझो पाय बोटीक लाभना नाय.” भांडं माझ्या हातातच राहिलं. आई म्हणाली, “पोरीक कित्याक दोष देतास? मशीन ता, बिघडतला.” आणि तुम्ही म्हणालात, “देवान सांगल्यान.” पेज न घेताच उठलात. विषय संपला. मी विचारलं नाही की मी काय केलं. विचारायला हवं होतं, पण तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं की देवाच्या पुढे प्रश्न नसतो.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. देवळापर्यंत चालत गेलात. टाकीच्या मागे जी हवेची नळी होती, तुमच्या हाताच्या अंतरावर, तिच्यात एक काडी घालून बघायचं सुचलं नाही.

वाडीत काय झालं ते तुम्ही बघितलंच. डोळे मिटून बसला नव्हता. मला कुणी जाळ्यावरून पाय टाकू देत नव्हतं. लिलावाला मासळी उतरली की बायका टोपल्या आपल्याकडे ओढून घ्यायच्या, मी येताना दिसले की. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण ‘पांढऱ्या पायाची’ हा शब्द मी माझ्या पाठीमागे इतक्या वेळा ऐकला की पुढेपुढे कुणी नुसतं ‘पांढरं’ म्हटलं तरी मान वळायची. दर्यावर्दी घरातून एकही स्थळ आलं नाही. देवबागचं एक आलं होतं, मुलगा चांगला होता, माझ्याकडे बघून हसलासुद्धा होता. त्यांच्या घरात दोन बोटी. चार दिवसांत निरोप आला, पत्रिका जमत नाही. पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती. शेवटी तुम्ही बोटींपासून लांबचं घर शोधलंत. शिरोड्याला पंप दुरुस्त करणारा, माडांच्या बागेत घर, समुद्र दोन शेतं सोडून. माणूस सोन्यासारखा निघाला ते माझं नशीब, त्यात तुमचं काही नाही. लग्नानंतर मी त्याला घाबरत घाबरत पायाची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, “मगे बरा झाला. माझे पंप बंद पडूक होये, तरच आमका भाकरी.” इतका हसला की सासूबाई बाहेर आल्या काय झालं म्हणून.

त्याच्याकडेच मी इंजिनं शिकले. आधी पाने हातात द्यायचे, मग स्वतः उघडायला लागले. पंपसेटची, पॉवर टिलरची, पुढे बोटींचीही येऊ लागली. हात माझे चांगलेच आहेत, तुम्ही म्हणाला होता तसे. पण बोटीचं इंजिन जोडून झालं की पाण्यात चालवून बघायला नवराच जायचा. मी किनाऱ्यावर उभी. एवढ्या वर्षांत मी एकाही बोटीवर पाय ठेवला नाही. कुणी मना केलं नव्हतं. तुम्ही एकदा सांगितलं होतं, तेवढं पुरलं.

आता परवाचं सांगते. भाऊ तुमच्याच बोटीवर पर्यटक नेतो. बाहेरून फायबर मारलंय, वर छप्पर, लाइफ जॅकेटं, पण सांगाडा तोच आणि टाकीही तीच, तुम्ही जाड पत्र्याची करून घेतलेली. सीझन सुरू व्हायच्या आधी तपासणीला साहेब आले. “हे झाकण सैल बसतंय, डिझेलचा वास येतो, प्रवासी बोटीला हे चालणार नाही,” म्हणाले. भावाने रबराची चकती असलेलं नवं झाकण आणून गच्च बसवलं. आणि इंजिन बंद पडायला लागलं. फिल्टर बदलले, डिझेल पंप बदलला, मालवणातले दोन मेकॅनिक येऊन गेले, एक म्हणाला हवा धरतंय, दुसरा म्हणाला डिझेलच भेसळीचं. गेल्या आठवड्यात तर माणसं भरलेली असताना खडकांच्या जवळ बंद पडलं. वारा आत ढकलत होता, बायका ओरडायला लागल्या, दुसऱ्या बोटीने दोर टाकून ओढलं म्हणून वाचले. पुन्हा असं झालं तर परवाना जाणार. त्याच्याकडे दुसरं काही नाही. त्याचा फोन आला, “ताई, भावोजींका घेऊन ये गो.” नवऱ्याची कंबर धरलेली, त्याला कूस बदलता येत नव्हती. मी म्हटलं, मी येते. “तू?” तो म्हणाला. मग म्हणाला, “ये.”

जेटीवर बोट बांधलेली होती. भाऊ आत, मी काठावर, हत्यारांची पिशवी खांद्याला. तो पोटात माया असलेला मुलगा आहे, वाईट बोलायचा नाही. पण म्हणाला, “ताई, तू वरच बस. काय करूचा ता सांग, मी करतंय.” माझ्याकडे न बघता म्हणाला. बाबा, तुम्ही गेलात, तुमची हाडं पाण्यात गेली, आणि तुमचा कौल अजून त्या बोटीवर बसून राहिलाय. मला असा संताप आला की मी विचार करायच्या आत उडी मारली. बोट हलली. भाऊ दचकला. “शिरा पडो तुझ्या तोंडार,” मी म्हटलं, “इंजिन चालू कर.”

दोर बांधलेलेच ठेवून गिअर टाकायला लावला, म्हणजे इंजिनावर जोर येईल आणि बोट जागीच राहील. बराच वेळ ठणठणीत चाललं. भाऊ माझ्याकडे बघतोय, मी कान लावून बसलेय. आणि मग तोच आवाज. खाली खाली, दोन उचक्या, गप्प. पंधराव्या वर्षानंतर पहिल्यांदा ऐकला. भावाची नजर खाली गेली, माझ्या पायांकडे. मी फिल्टर उघडला, स्वच्छ. पंपाच्या आधीचा पाइप सोडला, डिझेल यायला हवं तसं येत नव्हतं, नुसतं पाझरत होतं. टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली, मग येत का नाही? पाइपात कचरा म्हणावा तर चालताना येतं, आणि मग हळूहळू येईनासं होतं. मी टाकीचं ते नवं झाकण धरलं आणि फिरवलं. फुस्स करून हवा आत ओढली गेली. लांबलचक, कुणी पाण्याखालून वर येऊन दम घ्यावा तशी. आणि खाली सोडलेल्या पाइपातून डिझेल भळाभळा वाहायला लागलं.

शेतावरच्या पंपाच्या झाकणाला छोटं भोक असतं, ते चिखलाने बुजलं की हेच होतं. डिझेल खाली जातं, त्याच्या जागी हवा यायला वाट हवी. वाट नसली की टाकी आतून ओढून धरते आणि इंजिन उपाशी मरतं. हे मी शंभर शेतकऱ्यांना सांगितलं असेल. मी भावाला विचारलं, “हवेची नळी खंय आसा?” तो म्हणाला, “कसली नळी?” शेवटी मीच शोधली. मागच्या फळीला लागून, हंसाच्या मानेसारखी वाकडी, तोंड खाली. तोंड म्हणायला नुसता रंगाचा गोळा. पटाशीने खरवडला तर निळा, त्याच्या खाली हिरवा, मग पांढरा, पुन्हा निळा. दर नारळी पुनवेआधी तुम्ही बोट रंगवायचात, दुसऱ्या कुणाला ब्रश लावू द्यायचा नाहीत, कानाकोपरा सोडायचा नाहीत. रंगाच्या आत सुकलेली माती. पावसात बोट वर ओढून ठेवली की कुंभारीण माशी अशा नळ्यांमध्ये घर करते. तुम्ही तिच्या घरावर रंग लावलात आणि दर वर्षी लावत गेलात. तार घालून ढोसलं तेव्हा ती माती माझ्या तळहातावर पडली, चिमूटभर. एवढ्यासाठी, बाबा.

इथपर्यंत मला वाटत होतं, तुम्हाला ठाऊक नव्हतं. राग आला होता, पण तो अडाण्याचा येतो तसा. चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत, पण चोर तुम्हाला दिसला नव्हता. मी भावाला नुसतं कामाचं म्हणून विचारलं, मग इतकी वर्षं ही बोट चालली कशी? तो नव्या झाकणाकडे बोट दाखवत म्हणाला, “जुना झाकण सैल ठेवूचा ना आमी. बाबांची पद्धत. अर्धो फेरो सैल, वर फडक्या बांधूचा. घट करूचा नाय, इंजिन गुदमारता. ह्या साहेबान सांगल्यान म्हणान मी घट केलंय.”

मी म्हटलं, “बाबांका कोणी सांगलेला, गुदमारता म्हणान?”

“कोण सांगतलो? तेंकाच समाजला. माका मारल्यानी ना त्या दिसा.”

“कधी?”

“मी पयल्यांदा तेंच्यावांगडा गेलंय तेव्हा. दिवाळीची सुट्टी होती, मी तिसरीत. तुझा लगीन खूप नंतर झाला. मी झाकण लावलंय, तुझ्यासारख्या दोन्ही हातांनी. बंद पडला. बाबांनी झाकण उघडल्यानी, आता झाला तसा फुस्स झाला. तेनी माकाच परत लावूक सांगल्यानी, घट, आणि परत बंद पाडून बघल्यानी. परत उघडल्यानी. मगे झाकण हातात धरून बसान रवले. माका थोबाडीत मारल्यानी आणि सांगल्यानी, कोणाक सांगा नको.”

तो हे सांगताना हसत होता. लहानपणी बापाचा खाल्लेला मार माणूस हसतच सांगतो. त्याला तेव्हा कळलं नव्हतं की कोणाला म्हणजे मला. माझा चेहरा बघून परवा कळलं. हसणं थांबलं आणि तो पाना पुसत बसला, पुसून झालेलाच.

दिवाळी. घट बसताना मला उतरवलंत आणि त्याच वर्षी दिवाळीत तुम्हाला कळलं. मुद्दाम परत बंद पाडून खात्री करून घेतलीत, म्हणजे शंका नव्हती. तिथून माझ्या लग्नापर्यंत पाच वर्षं. पाच वर्षं तुम्ही माझ्यासमोर बसून जेवलात. त्या बायका टोपल्या ओढायच्या तेव्हा तुम्ही लिलावात उभे असायचात. देवबागचा निरोप आला तेव्हा तुम्ही ओटीवर बसून जाळं विणत होता आणि मान वर केली नाहीत. मूग गिळून बसलात. एक वाक्य पुरलं असतं. “चेडवाचो दोष नाय, नळी बुजलेली.” देवाचा कौल खोटा पडेल म्हणून भ्यालात? अहो, जागेच्या भांडणात लोक तीन तीनदा कौल लावतात, हवा तो मिळेपर्यंत. तुम्हीच हसत सांगायचात. माझ्यासाठी दुसऱ्यांदा जाता आलं नाही? की देवाचं काही नव्हतंच, पोरीसमोर चूक कशी कबूल करायची, एवढंच होतं? आणि नळी साफसुद्धा केली नाहीत. शोधलीच नाहीत. झाकण सैल ठेवलंत, फडकं बांधलंत आणि त्याची पद्धत करून टाकलीत.

त्या दिवाळीनंतरची एक गोष्ट मला परवा परतीच्या एसटीत आठवली. वेंगुर्ल्याच्या पुढे गाडी वळली आणि एकदम डोळ्यापुढे आली. तुम्ही मला विसवणाची मधली तुकडी वाढायला लागला होता. त्याआधी ती भावाला जायची, मला शेपटीकडची. दिवाळीनंतर तुम्ही आईच्या हातातून पळी घेऊन स्वतः माझ्या ताटात मधली तुकडी टाकायचात, काही न बोलता, माझ्याकडे न बघता. लग्न होईपर्यंत, विसवण असेल तेव्हा दर वेळी. मला वाटायचं, अवलक्षणी पोर म्हणून कीव करतायत. ती तुकडी मी गुपचूप भावाच्या ताटात सरकवायचे. ती माफी होती होय? मासळीच्या तुकडीने? मला तुकडी नको होती, बाबा. मला बोट हवी होती. मी तुमच्यानंतर ती चालवली असती, भावापेक्षा बरी चालवली असती, आणि हे तुम्हाला माहीत होतं. हात तरी धड आहेत तिला, हे तुमचेच शब्द.

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो कंबर धरून पडल्या पडल्या म्हणाला, “मेलेल्या माणसावांगडा भांडून काय मिळता?” मी म्हटलं, जिवंत होते तेव्हा भांडू दिलं नाही, मग कधी भांडू? तो म्हणाला, लिही तरी. म्हणून लिहितेय. पितृपक्षात म्हाळाच्या दिवशी तुमच्या पानाजवळ ठेवावं असं एकदा मनात आलं, पण नाही ठेवणार. भावाच्या घरी म्हाळ होतो, तिथे त्याची मुलं असतात, त्यांनी वाचायला नको. आणि तुम्हाला तर वाचायची गरजच नाही. तुम्हाला हे सगळं माझ्या आधीपासून ठाऊक होतं. त्यामुळे हे माझ्याकडेच राहील.

एक मात्र नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. नळी साफ झाली, जोडून झाली, झाकण मी माझ्या हाताने आवळलं, दात खाऊन. भाऊ म्हणाला, चल, बाहेर नेऊन बघू, तू पण ये. मी गेले. किल्ला मागे पडला, उघडं पाणी आलं, पायाखालच्या फळ्या थरथरत होत्या. भाऊ सारखा म्हणत होता, “ऐक ताई, कसा चलता.” मी ऐकत होते. आणि मनातल्या मनात म्हणत होते, बंद पड. एकदाच बंद पड. बंद पडलं असतं तर माझा पाय वाईट ठरला असता आणि तुम्ही नुसते देवभोळे, मनाने साफ. पांढऱ्या पायाची म्हणून मी उरलेलं आयुष्य काढलं असतं, मला त्याची सवय आहे. किनाऱ्याला लागेपर्यंत मी वाट बघितली, बाबा. इंजिन बंद पडलं नाही.